रुमाल पडलाच नाही

मेटरी, लुइझियाना
१९ जानेवारी २०२०

ती. आई-बाबा,

संक्रांतीला फोनवर आईंनी विचारलं, "ताईचं आणि ह्याचं काही बिनसलंय का गं? ती म्हणते हा फोन उचलत नाही, हा म्हणतो तिला वेळ नसतो." मी "छे हो, कामं असतात दोघांना" म्हणून वेळ मारून नेली, कारण तुमचे चिरंजीव समोरच बसून तिळाच्या वड्या खात होते. आज ते मुलांना घेऊन बाहेर गेलेत, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते. आधी एक सांगते, म्हणजे आईंच्या जिवाला घोर नको. भांडण पैशाचं नाही, दागिन्यांचं नाही आणि सांगलीच्या घराचं तर मुळीच नाही. एका पंचाने कमरेचा पिवळा रुमाल काढून जमिनीवर टाकला नाही, त्याचं भांडण आहे. उद्या त्याला एक वर्ष पुरं होतंय. वर्षश्राद्ध म्हणा हवं तर. घरात वातावरण तसंच आहे.

ताई लॉस एंजेलिसला, आम्ही न्यू ऑर्लिन्सला. अमेरिकन फुटबॉलमधला तिचा संघ रॅम्स, आमचा सेंट्स. म्हणजे आपोआपच झाला. ह्या गावात आलेल्या माणसाला रेशनकार्ड मिळालं नाही तरी सेंट्स मिळतातच. इथे सोमवारी घरोघरी लाल राजमा आणि भात शिजतो, आणि आदल्या रविवारी सेंट्स हरले असतील तर तो राजमासुद्धा कोणी धड खात नाही. ह्यांना पहिल्या वर्षी ह्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता सामना असला की काळा-सोनेरी शर्ट चढतो आणि मला सोफ्याच्या डाव्या टोकालाच बसावं लागतं, कारण मी तिथे बसले असताना केव्हातरी गोल झाला होता. पाणी प्यायला उठले तर "आत्ता?" असं ज्या आवाजात म्हणतात, तो आवाज बाबा, तुमचाच आहे.

बाबा, तुमची उभी हयात भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली, म्हणून हा खेळ तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. वरवर ती धटिंगणांची झोंबाझोंबी वाटते, पण मूळ कारभार मोजणीचा आहे. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नव्याने चार डाव, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. आणि हे दहा यार्ड मोजायला इतक्या श्रीमंत देशात, इतक्या श्रीमंत खेळात, काय आहे सांगा? साखळी! दोन टोकांना दोन खांब, आणि ते धरून माणसं मैदानाच्या कडेने पळतात. तुमची शंकू साखळी ३३ फुटांची, ह्यांची ३० फुटांची. २०१७ च्या डिसेंबरात, ऑकलंडला जीन स्टेराटोर नावाच्या मुख्य पंचांनी कमालच केली. चेंडूचं टोक खांबाला टेकतंय की नाही ते दिसेना, तेव्हा त्यांनी खिशातून कागद काढला, घडी घातली आणि ती चेंडू आणि खांब ह्यांच्या फटीत सारून पाहिली. सारा देश टीव्हीवर बघतोय आणि पंच घडीचा कागद घेऊन वाकलेत. निकाल डॅलसच्या बाजूने गेला आणि पुढे सामनाही डॅलसनेच घेतला. अशी मोजणी तुमच्या हातून झाली असती तर दोन्ही भाऊबंदांनी मिळून तुम्हाला बांधावरूनच परत पाठवलं असतं.

तर पंच एकूण सात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट, मुख्य पंचाची टोपी पांढरी, बाकीच्यांची काळी. बहुतेकांच्या आठवडाभर दुसऱ्या नोकऱ्या असतात. कोणी वकील, कोणी शिक्षक, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन हे काम. गुन्हा दिसला की पिवळा रुमाल टाकायचा. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यात वजन भरलेलं असतं. हे रुमाल एरवी इतके पडतात की खेळ कमी आणि दंडवसुली जास्त. कोणी कोणाला नुसतं धरून ठेवलं की दहा यार्ड मागे. चेंडू हवेत असताना तो झेलायला धावणाऱ्याला चेंडू यायच्या आत धक्का दिला, तर मोठा गुन्हा. जिथे धक्का बसला तिथपर्यंतची जमीन सरळ फिर्यादीच्या नावावर.

आता २० जानेवारी २०१९. सुपरडोममध्ये सेंट्स विरुद्ध रॅम्स. जिंकेल तो अंतिम सामन्याला, म्हणजे सुपर बोलला. गुण २० - २०, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. सेंट्सच्या ड्रू ब्रीसने चेंडू उजव्या कडेला आपल्याच टॉमीली लुईसकडे फेकला. चेंडू अजून वाटेत आहे, लुईस वळून त्याच्याकडे बघतोय, आणि रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत येऊन त्याच्यावर थडकला तो असा, की पोरगा सीमेबाहेर कोलमडला. चेंडूकडे रोबी-कोलमनने ढुंकूनही बघितलं नव्हतं. सत्तर हजारांनी एकदम ओरडून रुमाल मागितला. आमच्या घरात चौघांनी मागितला. धाकट्याने तर स्वतःचाच टाकला, शाळेचा, शेंबडाचा. पंचांचा काही पडला नाही.

पडला असता तर सेंट्सने वेळ खाऊन अगदी शेवटच्या क्षणी तीन गुण घेतले असते आणि खेळ खलास. त्याऐवजी तीन गुण लगेच घ्यावे लागले, उरलेल्या वेळात रॅम्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यांच्या ग्रेग झुअरलाइनने ५७ यार्डांवरून लाथ मारून सामना नेला. २६ - २३. हे उठले, टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. शेजारचे काकाही तिथे उभे. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना, एक शब्द नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईचा. ती म्हणाली, "अरे, किती छान झाली ना मॅच!"

आई, खरं सांगते, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वेळ चुकली.

पुढची गंमत ऐका, कारण मला राहून राहून तीच खटकते. सामना संपल्या संपल्या लीगच्या पंचप्रमुखांनी सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन ह्यांना फोनवर सांगितलं, की चुकलंच, रुमाल पडायला हवा होता. खुद्द रोबी-कोलमनने कबूल केलं, की मी लवकरच पोचलो. लीगने त्याला त्याच धडकेबद्दल २६,७३९ डॉलर दंडही ठोकला, शिरस्त्राणाने शिरस्त्राणाला धडक दिली म्हणून. आपल्याकडचे एकोणीस लाख धरा. म्हणजे मैदानावर गुन्हा घडलाच नाही, आणि न घडलेल्या गुन्ह्याचा दंड मात्र वसूल! गुन्हेगार कबूल, पंचप्रमुख कबूल, दंड भरला, निकाल तोच. बाबा, मोजणी चुकली असं तुमच्या साहेबाने लेखी द्यावं आणि बांध मात्र शेजाऱ्याने सरकवला तिथेच राहू द्यावा, तशातली गत. नुसती चूक झाली असती तर हे गाव चार दिवस शिव्या देऊन गप्प बसलं असतं. ते कबुलीनेच पेटलं. तुम्हीच जुलैमध्ये नव्हतात का चार दिवस धुमसत? लॉर्ड्सच्या विश्वचषक फायनलला ओव्हरथ्रोचे पाचाऐवजी सहा दिले, ते चुकलं असं पंच धर्मसेनांनी मागाहून मानलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग कप आणा परत." आणि तुम्ही तर न्यूझीलंडचेही नव्हतात.

इथे मग काय काय झालं म्हणता! राज्याच्या गव्हर्नरांनी लीगचे कमिशनर रॉजर गुडेल ह्यांना निषेधाचं पत्र लिहिलं. प्रेक्षक कोर्टात गेले. लीगच्या नियमावलीत सतरावा नियम आहे, फारच अघटित घडलं तर कमिशनर सामना पुन्हा खेळवू शकतात असा. तो लावा, एवढीच मागणी. कोर्टाने दाद दिली नाही. गुडेलसाहेबांनी दहा दिवस तोंड उघडलं नाही. उघडलं तेव्हा "हा गुन्हा द्यायला हवा होता" एवढंच म्हणाले, जसं काही पंच कोणी दुसऱ्यानेच नेमले होते. पंचांतले काहीजण दक्षिण कॅलिफोर्नियाचे राहणारे निघाले, तेव्हा तर विचारूच नका. ह्यांनी तो पत्ता ताईच्या घरापासून किती मैल आहे तेसुद्धा काढलं.

सुपर बोलवर गावाने बहिष्कार टाकला. त्या रविवारी रस्त्यांवर बँड, नाच, खाणंपिणं, आणि टीव्ही बंद. दुसऱ्या दिवशी इथल्या टाइम्स-पिकायून वर्तमानपत्राचं पहिलं पान जवळजवळ कोरं निघालं. मजकूर एवढाच, की कसला सुपर बोल? तो सामना रॅम्स ३ - १३ असे हरले, सुपर बोलच्या इतिहासात इतके कमी गुण कधी झाले नव्हते. त्या रात्री ह्यांनी ताईला स्वतःहून फोन केला. "किती छान झाली ना मॅच," म्हणाले. तिथून ही बोलचाल बंद.

मार्चमधल्या मार्डी ग्रासला अर्धं गाव आंधळे पंच होऊन फिरलं. पट्ट्यांचे शर्ट, काळे चष्मे, पांढऱ्या काठ्या. आमच्या धाकट्यालाही हवं होतं, पण दोन रंगांचे शर्ट फाडून मी शिवून देईन असा त्याचा समज होता, तो मी दूर केला.

आता ताईची बाजू. ती म्हणते, त्याच सामन्यात थोडं आधी त्यांचा जॅरेड गॉफ गोलरेषेपाशी पळत असताना सेंट्सच्या खेळाडूने त्याच्या शिरस्त्राणाची जाळी धरून ओढली, तेव्हाही रुमाल पडला नाही, त्याचं काय? शिवाय जादा वेळेत पहिला चेंडू सेंट्सलाच मिळाला होता आणि ब्रीसने तो रॅम्सच्या हातात दिला, तोही पंचांनीच दिला का? मी व्हिडिओ पाहिलाय. जाळी ओढलेली आहे. अगदी स्पष्ट. हे मी फक्त तुम्हाला लिहितेय, हे पत्र वाचून झाल्यावर आईंनी डब्यात तळाशी ठेवावं.

लीगने मग नियमच बदलला. मार्चमध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवलं, की धक्क्याचा रुमाल पडला किंवा न पडला, दोन्हींवर प्रशिक्षकांनी दाद मागावी. प्रयोग एका हंगामाचा. ह्यांनी त्या दिवशी श्रीखंड आणलं. हंगाम सुरू झाला, प्रशिक्षक दाद मागू लागले, आणि न्यूयॉर्कला बसलेले साहेब व्हिडिओ बघून बहुतेक वेळा "मूळ निर्णय कायम" म्हणू लागले. एकाच्या चुकीवर दुसऱ्याने शिक्का मारायचा, ह्याला आपल्याकडे अपील म्हणतात, बाबांना ठाऊकच आहे. सप्टेंबरमध्ये पुन्हा रॅम्सशी गाठ, ह्या वेळी ताईच्या गावी. सेंट्सचा कॅम जॉर्डन सुटलेला चेंडू घेऊन अख्खं मैदान पळत गेला, पण पंचांनी शिट्टी आधीच फुंकलेली. मागाहून व्हिडिओवर कळलं की शिट्टी चुकली. चेंडू दिला, गोल नाही दिला. ताई तेव्हा स्टेडियममध्ये होती. तिने फोटो पाठवला.

आणि परवा, ५ जानेवारीला, सुपरडोममध्येच मिनेसोटाचे व्हायकिंग्ज. पुन्हा जादा वेळ. शेवटच्या झेलाआधी त्यांच्या काइल रुडॉल्फने सेंट्सच्या खेळाडूला हाताने ढकललं असं मलाही डाव्या टोकावरून दिसलं. नवा नियम होता, व्हिडिओ होता, साहेब होते. साहेब म्हणाले, दोघांनीही एकमेकांना हात लावलाय. सामना संपला, २० - २६. ह्यांनी टीव्ही बंदही केला नाही. तसेच उठले आणि जाऊन भांडी घासली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं आधी घडलेलं नाही, तेव्हा लीगविषयी माझं मत तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही.

ह्या वर्षी रॅम्स बाद फेरीतसुद्धा पोचले नाहीत, म्हणजे ताईही घायाळच आहे. समेटाला ह्याहून बरा मुहूर्त मिळायचा नाही. ती पुढच्या महिन्यात मार्डी ग्रासला यायचं म्हणतेय, पण भावाने बोलवावं अशी तिची अट, आणि तिने आधी "चुकलं" म्हणावं अशी ह्यांची. तेव्हा बाबा, निकाल तुम्ही द्या. आमची थोरली तुम्हाला दोन्ही व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवेल, धक्क्याचा आणि जाळीचा. तुम्ही दोघांनाही दोषी ठरवा, दोघांनाही दहा-दहा यार्ड मागे पाठवा, आणि फोन आधी ताईला करा. तिचा राग लवकर उतरतो. ह्यांना मी बघते.

आईंची गुडघेदुखी कशी आहे? तेल मिळालं का? मुलं मजेत. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
सूनबाई

ता. क. सोबत त्या धडकेचा फोटो पाठवतेय. हा वर्षभर आमच्या फ्रीजवर चिकटवलेला होता, म्हणून कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. त्यात चेंडू कुठे दिसतोय म्हणून भिंग घेऊन शोधत बसू नका. चेंडू अजून पोचलेलाच नाही. सगळं भांडण तेच आहे.