एका कपाला एक

अप्पांची तीन महिन्यांची साखर ६.३ आली, तेव्हा घरात सगळ्यात शांत अप्पाच होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढलेला, मिलिमीटरच्या हिशेबात जगलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटिस नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभा आहे. बिस्किटं बंद."

"आणि चहा?"

"बिनसाखरेचा चालेल."

"मग तो कशाबरोबर प्यायचा?"

यावर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

अप्पांचा दिवस दोन चहांना टांगलेला असतो. पहाटे साडेपाचला एक, दुपारी चारला दुसरा आणि प्रत्येकाबरोबर चार पार्ले-जी. नोकरीच्या काळात विलेपार्ल्यावरून लोकल जाताना भाजक्या बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा, तो ते अजून सांगतात. २०१६ मध्ये तिथला पार्ल्याचा बिस्किट कारखाना बंद झाला, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखे दोन दिवस गप्प होते. बिस्किट ते खात नाहीत, बुडवतात. आडवं धरून, मनात तीन मोजून, मोडायच्या आत तोंडात. लेन फिशर नावाच्या शास्त्रज्ञाला बिस्किट बुडवण्याचं गणित मांडल्याबद्दल १९९९ चं इग नोबेल मिळालं होतं. बिस्किट आडवं बुडवावं, म्हणजे वरची बाजू कोरडी राहते आणि तुकडा कपात पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हे अप्पांना वाचून दाखवलं. "त्याला आत्ता कळलं?" एवढंच ते बोलले.

तर त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात मी म्हणून बसले, "अप्पा, मी घरीच करीन बिस्किटं. पौष्टिक."

पौष्टिक हा शब्द आमच्या घरात उच्चारला की मुलांना बाहेर जेवायचं आमंत्रण असल्याचं आठवतं. पण अप्पा पळून कुठे जाणार?

पहिल्या घाण्याला मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ आणि तूप निम्मं घेतलं. गोळा होईना, म्हणून दूध घातलं. आणि इथे घात झाला. वीस वर्षं पोळ्या केलेला हात तो. पुढ्यात परातीत कणीक दिसली की तिंबायलाच लागतो. मी चांगलं दहा मिनिटं मळलं, वर झाकूनही ठेवलं. खरं तर खुसखुशीतपणाची सगळी मदार मोहनावर. तूप पिठाच्या कणाकणाला माखलं की त्यातलं ग्लूटेन एकमेकांना धरत नाही. मी तूप काढून घेतलं, दूध पाजलं आणि वर मळून मळून ग्लूटेनला व्यायाम करवला. ओव्हनमधून निघाली ती बिस्किटं नव्हती, शहाबादी फरशी होती. बशीत एक टाकलं तर खण्ण वाजलं.

अप्पांनी ते आडवं धरून चहात बुडवलं. तीन मोजले. दहा मोजले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. ४० सेकंदांनी कडेचा एक तुकडा निघाला. कवळी सांभाळत तो चावून झाल्यावर म्हणाले, "चव चांगली आहे हो. हार्डनिंग जरा जास्त झालंय."

दुसरा घाणा नाचणीचा. नाचणीत ग्लूटेनच नाही, त्यामुळे ती फरशी व्हायची भीती नव्हती. आता भीती उलट बाजूची. अप्पांनी बुडवलं, 'एक' म्हणायला तोंड उघडलं आणि बोटांत नुसती हवा उरली. कपात तळाला आंबील. त्यांनी ती चमच्याने, न बोलता संपवली. जुनी माणसं अन्न टाकत नाहीत, हा गुण बघवत नाही कधीकधी.

त्या रात्री मला आईचा पत्र्याचा डबा आठवला. मे महिन्यात सांगलीला आम्ही बेकरीत बिस्किटं 'पाडून' आणायचो. मैदा, रवा, पिठीसाखर, दूध आणि डालड्याचा डबा पिशवीत घालून सकाळी सातलाच नंबर लावायचा. आई भट्टीसमोरच्या पायरीवर ठाण मांडून बसायची, कारण आपला डालडा दुसऱ्याच्या पिठात जातो असा तिचा पक्का संशय होता. भट्टीवाला घामाघूम होऊन यंत्रातून रेघारेघांच्या लांब पट्ट्या काळ्या ट्रेमध्ये सोडायचा, पत्र्याच्या तुकड्याने खटाखट कापायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सारायचा. दुपारी गरम डबा वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर घरी. किलोभर मैद्याला अर्धा किलो डालडा आणि जवळजवळ तितकीच साखर! आणि आई पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "घरची आहेत, खा. बाहेरचं आम्ही आणत नाही." घरचं म्हणजे चांगलं, हा समज माझ्यात कुठून आला ते तेव्हा समजलं.

गुळाचंही तेच. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. गूळ म्हणजे नऊवारी नेसलेली साखर. शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात गुळाचं बिस्किट दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

मग मी हट्ट सोडला आणि नानकटाईकडे वळले. नानकटाई सुरतची. डच निघून गेल्यावर त्यांची बेकरी डोटीवाला नावाच्या पारशाकडे आली, पाव खपेना, म्हणून तो वाळवून विकता विकता हे प्रकरण जन्मलं, असं सांगतात. म्हणजे माझ्या फसलेल्या घाण्यांना निदान घराणं तरी निघालं. निम्मी कणीक, निम्मं बेसन, साखर पाऊणपट, वेलदोडा, जायफळ. साजूक तूप मात्र एक चमचाही कमी केलं नाही. आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, असं स्वतःलाच मोठ्याने बजावत राहिले.

झकास झाल्या. वर तडे गेलेल्या, जिभेवर विरघळणाऱ्या. आमंत्रणं असलेली मुलं परत आली. अप्पांनी पहिल्या चहाला सहा खाल्ल्या.

"अप्पा, सहा?"

"साखर पाऊणपट आहे ना? मग चारच्या जागी पाच आणि वर एक तृतीयांश बसते. तृतीयांश नानकटाई कशी घेणार?"

वर्कशॉपच्या माणसाशी हिशेबात कोण भांडणार? आठवड्याभरात डबा तीनदा रिकामा झाला. पुढची तपासणी तोंडावर आलेली. माझी झोप उडाली, तेव्हा एक दिवस अप्पाच ओट्याशी आले.

"ती पहिली बिस्किटं आहेत का गं?"

"कुठली? ती फरशीसारखी?"

"तीच. चांगली होती. एक बुडवलं की भिजेपर्यंत चहा संपतो. दुसरं घ्यायला वेळच उरत नाही. एका कपाला एक."

डब्यात चार उरली होती. दोन दिवसांत संपली. तेव्हापासून मी ती पुन्हा करायचा प्रयत्न करतेय. कणीक तीच, गूळ तोच, दूधही तेवढंच. पण आता हाताला न मळायची सवय लागलीय आणि बिस्किटं मेली खुसखुशीतच होतात. काल अप्पा बाजूला स्टूल घेऊन बसले होते, डोळे परातीवर.

"हात आखडू नकोस," म्हणाले, "पोळीसारखं तिंब."