पहिल्या मजल्यावरचं भविष्य

पुणं स्टार्टअपचं केंद्र व्हावं, याला आमच्या सोसायटीचा विरोध नाही. तसं आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. फक्त हे केंद्र बाणेरला आमच्याच 'बी' विंगमध्ये, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये होणार आहे, याची कल्पना असती तर बरं झालं असतं.

तिथे दहा-बारा मुलं काम करतात. सगळी चांगल्या घरची. त्यातली चार फाउंडर आहेत, त्यामुळे भांडायला गेलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. धंदा काय, विचारलं तर म्हणाले, "आम्ही पार्किंगचा प्रश्न सोडवतो." तेव्हा त्यांची दुचाकी माझ्या गाडीमागे आडवी उभी होती. ती काढा म्हटलं. "काका, ते पुढच्या व्हर्जनमध्ये."

दुपारी एकच्या सुमारास डिलिव्हरीवाला माझी बेल वाजवतो, कारण यांनी नकाशावर आपली टाचणी माझ्या दारात रोवली आहे. मिसळ, एक्स्ट्रा पाव, तर्री वेगळी. आता कोण तिखट खातं आणि कोण महिनाअखेरीस नुसत्या चहावर भागवतं, हे मला पाठ झालं आहे.

यांचं वयही संपत नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे स्थापनेपासून 10 वर्षं, उलाढाल ठरावीक मर्यादेवर गेली नाही तर, कंपनी स्टार्टअपच. आमच्याकडे चेअरमन 10 वर्षं टिकला तर त्याला हुकूमशहा म्हणतात.

पाषाणला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून स्टार्टअपसाठी व्हेंचर सेंटर आहे. प्रयोगशाळा, यंत्रं, सल्ला देणारी माणसं, सगळं आहे. तिथे जा, असं मी सुचवून पाहिलं. "ते सायन्सवाल्यांचं, काका. आमचं अ‍ॅप आहे." म्हणजे ज्यांना काही लागतं त्यांच्यासाठी सोय आहे, आणि ज्यांना वायफायखेरीज काही लागत नाही ते आमच्या जिन्यात.

शहराने आपल्या परीने हातभार लावला आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये झाली आणि 2020 मध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले. त्या चौकात माणूस इतका वेळ थांबला की त्याला एखादी कंपनी सुचणारच. सुचली की तो भाड्याने फ्लॅट शोधतो.

यांचा मेंटेनन्स पाच महिने थकलाय. परवाच्या सभेत एक फाउंडर रिकाम्या हाताने, पण लॅपटॉप घेऊन आला आणि थकबाकीच्या बदल्यात अर्धा टक्का इक्विटी देऊ केली. मला वाटलं, आता खजिनदार त्याला सोलून काढणार. निवृत्त बँकवाला माणूस, पावतीशिवाय नारळ फोडत नाही. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "व्हॅल्युएशन किती धरलंय?"

पुढचा पाऊण तास सभा त्यावरच चालली. टाकीच्या गळतीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.