माणसं लय चांगली हायेत

लोकमान्य नगर हे नागपूर मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेचं हिंगण्याकडचं शेवटचं स्टेशन. 2020 च्या जानेवारीत मेट्रो इथवर आली आणि हिंगणा रोडवर सावली मिळायची सोय झाली. त्या सावलीतल्या तर्रीपोह्याच्या ठेल्यावर आम्ही चार फ्रीलान्स व्हिडिओवाले बसतो. मी, ड्रोनवाला, वर्धेचा एडिटर आणि काका. काकांनी व्हीएचएस कॅसेटवर लग्नं काढली आहेत. हॅलोजनच्या उजेडात नवरीचा मेकअप वितळताना पाहिलेला हा माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

नवरा-नवरी स्टुडिओला ऑनलाइन तारे देतात. स्टुडिओ, इव्हेंट कंपन्या आणि एमआयडीसीतले कारखाने यांना तारे कोण देणार? ते काम या ठेल्यावर होतं, आणि तेही तोंडी. लेखी काही ठेवायचं नाही. नागपूर केवढं? आज ज्याच्याबद्दल लिहाल, उद्या त्याच्याच साळ्याची हळद शूट करायची असते.

म्हणून आमची भाषा सांकेतिक आहे. ‘पार्टी बरी हाय’ म्हणजे पैसे उशिरा देते, पण फोन उचलते. ‘काम लय शिकाले भेटते’ म्हणजे पैसे देत नाही. ‘एक्स्पोजर देते’ म्हणजे पैसे देत नाही आणि पेट्रोलही आपलंच. आणि कोणी मान हलवत ‘माणसं लय चांगली हायेत’ म्हणाला, की समजायचं, याची हार्ड डिस्कसुद्धा तिकडेच अडकली आहे.

जेवणाचा रकाना वेगळा. पंगत उठेपर्यंत कॅमेरा खाली ठेवता येत नाही, आणि ठेवतो तेव्हा वडाभाताच्या भांड्यात फक्त डाव असतो. ड्रोनवाला म्हणतो, “पैशाचं नंतर सांग, स्वीट भेटलं का ते सांग.” त्याचं बरोबर आहे. पैसे काय, कधीतरी येतील. गुलाबजाम गेला तो गेला.

माझ्या खात्यात एक कारखाना आहे. नाव घेत नाही, ठेल्यावरही घेतलं नव्हतं. सुरक्षा सप्ताहाची दहा मिनिटांची फिल्म. हेल्मेट घालून, लोखंडी टोकाचे दोन नंबर मोठे बूट ओढत मी तीन दिवस लेथच्या आजूबाजूला फिरलो. मॅनेजरसाहेबांना कामगार हसताना हवे होते, स्लो मोशनमध्ये. कानात बोळे घातलेला माणूस ‘हसा’ म्हटलेलं ऐकणार कसं? शेवटी मी नाचून दाखवलं, तेव्हा हसले. फिल्मला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ अशी तीन नावं लागली. बिल मात्र एकच होतं, तेच अडलं.

अकाउंटंटचं उत्तर ठरलेलं, “साहेब पुण्याले गेले.” पाच महिने कोणी पुण्यात काय करतो?

मग एडिटरनं डोक्यात कायदा भरला. माझ्याकडे उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट होतं, लॅमिनेशन करून भिंतीवर लावलेलं. 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाच्या पैशाची मुदत दिली आहे. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर फार तर 45. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. तक्रारीसाठी तेव्हा ‘समाधान’ नावाचं सरकारी पोर्टलही होतं. हे सगळं पाठ करून मी अकाउंटंटसमोर बसलो. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, “भाऊ, आमचं बी बिल वरच्या कंपनीत सात महिन्यांपासून अटकून हाय. तो कायदा मले बी लिहून द्या न.”

मी लिहून दिला. पैसे दिवाळीनंतर आले, व्याजाशिवाय. ठेल्यावर विचारलं तेव्हा मी म्हणालो, “माणसं लय चांगली हायेत.”

गेल्या मोसमात एका इव्हेंट कंपनीचा विषय निघाला. काकांनी पोह्यावरची तर्रीच बाजूला सारली, म्हणजे प्रकरण गंभीर. “तिकडे पाय ठिवू नका रे पोट्टेहो. ॲडव्हान्स नाई, जेवण नाई, अन् रात्री दोन वाजता म्हणते डेटा आत्ताच द्या.” आम्ही तिघांनी कानाला हात लावले. ड्रोनवाल्यानं तर नंबर ब्लॉक केला, आमच्यासमोर.

दोन दिवसांनी सकाळी सात वाजता हिंगणा रोडवरच्या एका लॉनच्या फाटकाशी मी गाडीवरून ट्रायपॉड उतरवत होतो. शेजारी कोणीतरी ड्रोनची पेटी उघडत होतं. मांडवाच्या खांबाला टेकून एडिटर लॅपटॉपचा चार्जर लावायला जागा शोधत होता. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सनईची कॅसेट तेवढी वाजत होती.

“तू तं ब्लॉक केला होता न बे?”

“बायकोच्या फोनवर आला.”

स्टेजजवळ काका होते. खुर्चीत, हातात नाश्त्याची प्लेट, प्लेटीत दोन गुलाबजाम. आम्ही भोवती गोळा झालो आणि प्रत्येकानं आपापला आकडा सांगितला. तिघांचे तीन निघाले, सगळ्यात कमी माझा. काकांचा आमच्या दुप्पट, त्यातला अर्धा खिशात.

“अन् तुम्हीच तं म्हणत होते पाय ठिवू नका?”

काकांनी दुसरा गुलाबजाम तोंडात टाकला. “मंग? तुम्ही थांबले असते तं तिप्पट भेटले असते मले.”