सरळ कडेशी वाकडं

फोटोची कड स्वच्छ, सरळ यावी म्हणून फोटोग्राफरांच्या पाच-सहा पिढ्या झिजल्या. कॉम्प्युटरने ती एकदाची आणून दिली, आणि लगेच सगळे ती बिघडवायला बसले.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ साली कलोडियनच्या ओल्या प्लेटची कृती जाहीर केली. चिकट द्रव काचेवर ओतायचा, काच हातातच तिरकी करत तो चारी कोपऱ्यांना पोचवायचा आणि उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचा. मग काच चांदीच्या क्षारात बुडवून ओली असेपर्यंतच फोटो घेऊन, धुऊन मोकळं व्हायचं. या धांदलीत एखादा कोपरा कोरडा राही, एखाद्या कडेला द्रव साचून ओघळ येई, कुठे अंगठा उमटे. फोटोग्राफर बिचारा ही सगळी शोभा लंबगोल खिडकीच्या पुठ्ठ्याखाली दडवी आणि फक्त साहेबांचा चेहरा गिऱ्हाइकाच्या हाती ठेवी. आज त्याच ओघळांचे आणि कोरड्या कोपऱ्यांचे तयार संच विकत मिळतात. लोक पैसे मोजून ते आपल्या गोव्याच्या सहलीच्या फोटोंवर चढवतात. अंगठ्यासकट!

मऊ कडेचा सोसही जुनाच. डार्करूममध्ये पुठ्ठ्याला दातेरी भोक पाडायचं, तो एन्लार्जरच्या उजेडात कागदाच्या वर धरायचा आणि दिवा चालू असेपर्यंत सारखा हलवत राहायचं. चेहरा ठळक उमटे आणि खांदे हळूहळू पांढऱ्या कागदात विरत जात. हात जरा थबकला की भोकाची कड कोटावर उमटलीच.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, आणि या हलत्या हाताचं काम एका छोट्या चौकटीवर आलं. फेदर, समोर आकडा आणि ओके. निवडलेल्या भागाच्या रेषेच्या थोडं आत आणि थोडं बाहेर चित्र पायरीपायरीने पातळ होत जातं. हात दुखायचा प्रश्न मिटला. उरला फक्त आकडा किती टाकायचा हा प्रश्न, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी जाऊन बसावं. उद्या भाऊंचा वाढदिवस असतो. पडद्यावर मधोमध भाऊ, मागे ढग, ढगांत सूर्य आणि खाली शुभेच्छुकांची रांग. "भाऊंना जरा फेदर मार, चिकटवल्यासारखे दिसतायत," मालक मागून सांगतो. कॉम्प्युटरवर बसलेलं पोरगं वीसचा आकडा टाकतं. भाऊंवर ढिम्म परिणाम होत नाही. त्यांचा फोटो भारी कॅमेऱ्यातला, सहा हजार पिक्सेल रुंद. त्यात वीस पिक्सेल म्हणजे दर्यात खसखस. मग तोच वीसचा आकडा शुभेच्छुकांना लागू होतो. ही मंडळी व्हॉट्सॲपवरून आलेली, त्यातही ग्रुप फोटोतून कापलेली, जेमतेम शंभर पिक्सेलांची. त्यांचे केस जातात, कान जातात, हनुवटी ढगात मिसळते.

"माझा कान कुठाय?" एक शुभेच्छुक पडद्याला नाक लावून विचारतो.

"फेदरमध्ये गेला, दादा."

आकडा आणखी वाढवला, तर फोटोशॉप स्वतःच हात वर करतं. निवडीत पन्नास टक्क्यांहून जास्त निवडलेला एकही पिक्सेल नाही, तेव्हा निवडीची कड दिसणार नाही, अशी सूचना पडद्यावर येते. पोरगं ती न वाचता ओके दाबतं. म्हणजे शुभेच्छुक बॅनरवर आहे, पण पन्नास टक्क्यांच्या आतच आहे. राजकारणात असे बरेच असतात, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही.

मऊपणाचा कंटाळा आला, की फाटक्या कडेचं वेड लागतं. त्यासाठी फोटोशॉपमध्ये कीबोर्डवरचं क्यू हे बटण आहे. ते दाबलं की निवडीबाहेरचा भाग लालसर दिसतो. या लालसर झाकणावर स्पॅटर नावाचा फिल्टर मारायचा आणि पुन्हा क्यू दाबायचं. सरळ रेषेची लक्तरं झालेली असतात. फोटो कुणीतरी घाईघाईने वहीतून फाडून आणल्यासारखा दिसतो. फाडायला एक मिनिट लागतं. तो नैसर्गिक फाटलेला वाटावा म्हणून कोपरे नीट करण्यात अर्धा तास जातो.

याहून मजा लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये. लेन्समुळे फोटोचे कोपरे काळवंडतात. हा दोष कमी करण्यात लेन्स बनवणाऱ्यांचं आयुष्य जातं. जो थोडा उरतो, तो घालवायला लाइटरूममध्ये एक पट्टी सरकवायची सोय आहे. आणि कोपरे मुद्दाम काळे करायला त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरी पट्टी आहे. लग्नाचा अल्बम करणारे पहिल्या पट्टीने नवरा-नवरीच्या भोवतीचा अंधार घालवतात आणि दुसरीने परत आणतात. बिल दोन्हींचं लागतं.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर फोटो कापायच्या सक्त विरोधात. त्याच्या प्रिंटवर दिसणारी निगेटिव्हची बारीक काळी कड म्हणजे आत काहीही छाटलेलं नाही याचा दाखला. तो दाखला मिळावा म्हणून फोटोग्राफर निगेटिव्ह धरायची धातूची चौकट कानशीने घासून मोठी करत, आणि त्या खडबडीत घासकामामुळे काळी कड वेडीवाकडी येई. हल्ली ही वेडीवाकडी काळी कड आयती मिळते. ती चढवण्याआधी फोटोतला विजेचा खांब, मागची रिक्षा आणि नावडता चुलत भाऊ छाटून टाकलेला असतो.

एवढं करून मऊ कड बॅनरपर्यंत पोचेलच असं नाही. विरत गेलेली कड टिकते पीएनजी फाइलीत. जेपीजीला पारदर्शकपणा ठाऊकच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडलं, की पीएनजीची जेपीजी होते आणि भाऊंच्या मागे भरीव चौकोन उभा राहतो. म्हणून फ्लेक्सवाला फोनवर ओरडत असतो, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा!" पलीकडून लगेच "ओके दादा" येतं, आणि पाठोपाठ येतो स्क्रीनशॉट. त्यात भाऊ असतात, वर वेळ असते, आणि बॅटरी अकरा टक्के.