दांडी ते न्यूयॉर्क, व्हाया वर्सोवा पूल

मामेबहीण न्यू जर्सीला गेल्यापासून मामीचा एकच प्रश्न असतो, "ती नक्की किती लांब गेली रे?" परवा मी मोबाइल काढून ऐटीत सांगितलं, मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. "अगोबाई," म्हणून मामी पुन्हा जवळा निवडायला लागली.

मामाला मात्र आकडा मैलात हवा होता. त्याची हयात बोटीवर गेलेली. त्याचा मैल सागरी, १,८५२ मीटरचा. भागाकार केला, पावणेसात हजारांच्या वर काहीतरी आलं. वैमानिकही हाच मैल धरतात आणि वेगसुद्धा नॉटमध्येच सांगतात, हे कळल्यावर मामाला समस्त विमानदळ भाऊबंदांपैकी वाटू लागलं.

ही आपुलकी मी मार्ग दाखवेपर्यंत टिकली. मुंबईहून निघालेली रेघ वायव्येला चढत चढत आइसलंडच्या अंगाने जाते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरते.

"अमेरिका पश्चिमेला ना? मग हा वर कुठे चाललाय? तांडेल नवीन दिसतोय," मामी म्हणाली.

मामा उठला. जाळ्याचा गोल बोया आणला, त्यावर खडूने दोन खुणा केल्या आणि नायलॉनचा धागा ताणून धरला. धागा आपसूक वरच्या बाजूला सरकला. सपाट कागदावर जो वळसा दिसतो, तोच गोल पृथ्वीवर जवळचा रस्ता! भूगोलाच्या मास्तरांचा एक तास वाचला. अर्थात विमान काही धाग्यावरून चालत नाही. वारा आणि शेजारी, दोघांनाही सांभाळावं लागतं. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आपलं आकाश बंद ठेवलं, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना मोठे वळसे पडले होते.

मामीची समजूत काढायला मी म्हटलं, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कोणीही गेलं तरी २०,००० च्या पलीकडे जाऊच शकत नाही. "म्हणजे पोरगी अजून सात हजार लांब जायची राहिलीच की," मामी म्हणाली. हिशेब तिचा चोख.

पण हवाई अंतर विमानतळापासून मोजतात, आणि बोईसरजवळच्या आमच्या दांडी गावाला विमानतळ नाही. रिक्षाने बोईसर गाठून डहाणू लोकल पकडावी, तर विरारनंतर दोन मोठ्या बॅगा घेऊन अंधेरीला उतरणं ही साहसी खेळांची स्पर्धा. गाडीने चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागलो, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं काम. पण वाटेत वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल आहे, म्हणजे वाहतूक कोंडी आलीच. विमान तासाभरात ९०० किलोमीटर कापतं. तेवढ्याच तासात आम्ही पुढच्या टेम्पोवरचं 'हॉर्न ओके प्लीज' पाठ केलं.

अमेरिकेला निघणाऱ्या पोराबाळांच्या आईबापांना एवढंच सांगणं: विमानात जेवण देतात, पुलावर देत नाहीत. भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी गाडीत हाताशी ठेवा, आणि रात्रीचं विमान असेल तर सकाळीच निघा.