दात्याचे मन ओळखा

देणगीदाराशी नाते घट्ट करायचे तर त्याचे मन ओळखावे, असे संस्थांना शिकवले जाते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांना ही शिकवणी लागत नाही. गाडीतून आधी काय उतरते, यावरून त्यांना सगळे कळते. बॅनर उतरला तर कंपनी. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले दोन टक्के समाजकामावर मार्चअखेर खपवायचे असतात. केक उतरला तर वाढदिवस. तसबीर उतरली तर वह्यांच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर कैलासवासी आजोबा. पोरांकडे आधीची दप्तरे किती, हे कोणी विचारत नाही.

मग वारल्यांचे वाद्य, तारपा. एरवी नव्या भाताच्या आनंदात वाजणारा, आता भर मार्चमध्ये पाहुण्यांसाठी. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी जमीनदारांची वेठ झुगारली होती. ती टाळ्यांच्या गजरात परत आली म्हणायची!

त्याच साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालवाडीचे काम सुरू केले. पुढे त्या कोसबाडला गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांचे मन ओळखायला कोणाला सल्लागार नेमावा लागला नाही.

दातेहो, पुढच्या खेपेस दप्तरे राहू द्या, एखाद्या बालवाडीताईचा वर्षभराचा पगार द्या. त्याचा फोटो निघत नाही, एवढीच अडचण.