निषाद उतरलाय

खेळणं जितकं मोठ्यानं वाजतं, तितकं ते देणाऱ्याचं घर लांब असतं. शेजारी राहणारा माणूस बाळाला कधी ढोल देत नाही. तो झबलं देतो, फार तर चांदीची वाटी देतो. ढोल कुरिअरनं येतात. आमच्या ओवीचा पियानो नागपूरहून कोलकात्याला आला.

पाठवला माझ्या नणंदेनं, बोरन्हाणाची भेट म्हणून. सोबत चिठ्ठी होती : ‘ओवीला गाण्याची गोडी लागावी म्हणून. आत्या.’ वन्संना स्वतःला दोन मुलगे. दोघंही आता हॉस्टेलात असतात. म्हणजे आपण काय पाठवतोय याची त्यांना पुरेपूर कल्पना होती, आणि तो सूड नेमका कशाचा याचा विचार मी अजून करते आहे.

नागपूरहून बंगालवर स्वारी यायची ही काही पहिली वेळ नव्हे. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन इकडं आले, तेव्हा कलकत्त्यातले इंग्रज इतके धास्तावले की त्यांनी गावाभोवती खंदकच खणायला घेतला. मराठा डिच. मराठे कलकत्त्यापर्यंत पोचलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढं १७९९ साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आज त्याच्या एका भागाला आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात. त्या रस्त्यानं जाताना नवरा दर वेळी टॅक्सीवाल्याला हा इतिहास सांगतो. टॅक्सीवाले बहुतेक बिहारचे असतात. ते ‘अच्छा?’ म्हणतात आणि हॉर्न वाजवतात.

खंदक बुजला तरी आठवण बुजलेली नाही. बंगालीत बाळाला झोपवायचं एक जुनं गाणं आहे, त्यात आमचे लोक बर्गी म्हणून येतात. बाळ झोपतं, आळी शांत होते आणि मग बर्गी येतात, असा त्यातला क्रम. खालच्या मजल्यावरच्या मासीमांनी हे गाणं ओवीला मांडीवर घेऊन मला अर्थासह ऐकवलं, अगदी प्रेमानं. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. म्हणजे अठराव्या शतकातसुद्धा आळीतल्या गोंगाटाचं मूळ बाळच होतं. मराठे नंतर आले.

तर पियानो. गुलाबी रंगाचा, आठ पट्ट्यांचा, डावीकडं गाय, कोंबडा, बेडूक आणि हत्ती अशी चार बटणं. पट्टी दाबली की सूर येतो. गाय दाबली की गाय ओरडते आणि मग कोणी एक परदेशी बाई ‘काऊ!’ असं इतक्या आनंदानं म्हणते, की तिनं गाय आजच पाहिली असावी. खाली एक लाल बटण आहे. ते दाबलं की बेथोवनची ‘फ्युर एलिझे’ सुरू होते. ती १८१० च्या सुमाराची रचना. बेथोवन १८२७ साली गेला आणि ती छापली गेली १८६७ साली. त्यानं ती हयातीत का छापली नाही, हे मला आता समजायला लागलं आहे. आपल्याकडं ती घरोघरी पोचली ती दारावरच्या बेलमधून आणि मागं येणाऱ्या मोटारींमधून. तीन पायांची, ट्रान्झिस्टरएवढी एक स्वस्त चिप निघाली आणि तिच्यात हीच धून कायमची भरलेली असायची. त्यामुळं लाल बटण दाबलं की माझी सासू साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणते, ‘अगं, कोणीतरी गाडी मागं घेतंय, ओवीला सांभाळ.’

खेळणं वाजतं याचं फारसं काही नाही. ते आपण होऊन वाजतं, हे जिवाला लागतं. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की आतली बाई ‘कम बॅक अँड प्ले!’ अशी हाक मारते. पहाटे तीनला ओवीला महामुश्किलीनं झोपवून मी पाय न वाजवता दाराकडं निघाले आहे, आणि पांघरुणाखालून हत्ती चीत्कारतो. सेल काढून टाका, असं आम्हाला सगळे सांगतात. सेलच्या झाकणाला स्क्रू असतो. बाळानं सेल गिळू नये म्हणून तो असायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. बटणाएवढा सेल पोटात गेला तर जिवावर बेततं. पण ज्या स्क्रूनं बाळाला अडवायचं, तोच पहाटे तीनला बापालाही अडवतो. फुलीचा बारीक पेचकस नेमका त्या वेळी सापडत नाही. नवरा मोबाईलच्या उजेडात खण उपसतोय, हत्ती ओरडतोय, ओवी उठून बसून टाळ्या वाजवतेय, असं आमच्या घरचं पहाटेचं चित्र.

नवरा सरकारी बँकेत आहे, त्यामुळं त्यानं आधी नियम काढले. देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते पियानोवर होतं. मग त्यानं फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बेडूक सत्तरच्या वर गेला. शिवाय आपण मोजतो ते हातभर अंतरावरून, आणि बाळाचा हात वीतभर. ओवी तर बेडूक थेट कानाला लावते. हे ऐकल्यावर मात्र मी हसायची थांबले. त्याच संध्याकाळी स्पीकरच्या जाळीवर आम्ही चिकटपट्टी लावली. एका थरानं काही झालं नाही. दुसऱ्या थरानं गाय सर्दी झाल्यागत ओरडू लागली. तिसऱ्या थराचं टोक ओवीनं नखानं उचकटलं आणि पट्टी खाल्ली.

माझी खरी धास्ती वेगळीच होती. मी सदाशिव पेठेतली. दुपारी एक ते चार कोणाची झोपमोड करू नये, हे आम्हाला बाळकडूबरोबर मिळतं. आणि कोलकात्यात दुपारच्या झोपेला पुण्याइतकीच, किंबहुना जास्त प्रतिष्ठा आहे. माछ-भात जेवून जी पडी टाकायची तिला इथं भातघूम म्हणतात, आणि त्या वेळात गल्लीतलं किराणा दुकानही शटर अर्धं ओढून घेतं. नेमकी याच वेळेला ओवीची मैफल. आमच्या बरोबर खाली मासीमा आणि मेशोमशाई राहतात. मेशोमशाई निवृत्त मास्तर, वय पंच्याहत्तरच्या पुढं, रोज पहाटे तानपुरा लावून गाणारे. इथं रवींद्रसंगीत शिकवणाऱ्या गीतबितान, दक्षिणी अशा जुन्या संस्था आहेत. त्यांतल्या एकीत ते तरुणपणी शिकलेले. एकदा संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात मेशोमशाई, धुतलेलं धोतर, कपाळाला आठ्या. मी माफीची दोन वाक्यं बंगालीतून पाठ करून ठेवली होती, ती सुरू केली. त्यांनी हातानं थांबवलं.

‘बौमा, तुमच्या पियानोचा निषाद उतरलाय.’

मी म्हटलं, ‘काय?’

‘बाकीचे सूर ठीक आहेत. धैवतही चालेल. पण निषाद! पोरीचा कान आत्ता तयार होतोय. हा निषाद तिच्या कानात बसला तर जन्मभर निघायचा नाही.’

आवाजाबद्दल चकार शब्द नाही. झोप मोडल्याबद्दल नाही. ‘ओबीला बोलवा,’ म्हणाले. बंगाली जिभेवर व टिकत नाही, त्यामुळं इमारतीत ती ओबीच आहे. ओबी आली, रांगत. त्यांनी खाली बसून स्वतः निषाद गाऊन दाखवला. ओबीनं बेडूक दाबला.

नवऱ्यानं रात्री या तक्रारीचा छडा लावला. स्वस्त खेळण्यात एकच चिप असते, पाटीवर काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली दडवलेली. तिच्यात ठोके देणारं एकच घड्याळ. त्या ठोक्यांच्या आकड्याला पूर्णांकानं भागून एकेक सूर काढायचा. भागाकार जिथं नीट जमतो तिथं सूर बरा लागतो, जिथं जमत नाही तिथं तो जवळपास कुठंतरी बसवून देतात. म्हणजे मेशोमशाईंचा कान बरोबर होता. एक पंच्याहत्तरीचा माणूस छताआडून भागाकाराची बाकी ओळखत होता.

या शहराशी सुरांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मांडी घालून वाजवायची, हातानं भाता हलवायची पेटी इथंच, द्वारकानाथ घोषांच्या द्वारकिन कंपनीनं घडवली. कंपनी १८७५ सालची. आम्ही गोविंदराव टेंब्यांच्या मुलखातले, पेटीवाचून आमचं नाट्यसंगीत उभं राहत नाही. आणि त्याच कलकत्त्यातल्या रवींद्रनाथांना पेटीचा तिटकारा. १९४० साली त्यांनी रेडिओच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून आपली नापसंती कळवली. रेडिओवरच्या साहेबालाही पेटी नकोच होती. त्याच वर्षी आकाशवाणीवर पेटीला बंदी आली ती १९७१ पर्यंत उठली नाही. एका वाद्याला तीस वर्षं देशाबाहेर नव्हे, पण हवेबाहेर काढणारं हे गाव. मला एक गुलाबी पियानो एका खोलीबाहेर काढता येईना.

मग आम्ही वाट पाहायचं ठरवलं. सेल कधीतरी संपतातच. आणि ते संपू लागले. पण सेल उतरला की आतलं घड्याळ मंद होतं, आणि त्याबरोबर सूरही खाली यायला लागतात. ‘फ्युर एलिझे’ अंत्ययात्रेच्या चालीवर वाजू लागली. परदेशी बाईचा आवाज घोगरा झाला. तिला आता गाईचा तितकासा आनंद राहिला नव्हता. आम्ही दोघं आतून खूष. दोनेक दिवसांचा प्रश्न होता.

बेल वाजली.

‘परवा षड्ज काळी एकला होता,’ मेशोमशाई म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. ‘काल पांढरी एक. आज पांढरी सात. बौमा, मी सकाळी तानपुरा कशावर लावू?’

आणि त्यांनी झोळीतून तीन पेन्सिल सेल काढून माझ्या हातावर ठेवले. कोरे करकरीत. पेचकसही आणला होता. त्यांनी स्वतः स्क्रू काढला, सेल बसवले आणि झाकण लावून लाल बटण दाबलं. बेथोवन ठणठणीत होऊन उठून बसला. अलीवर्दीखानानं १७५१ साली तह करून नागपूरकरांना वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली होती. त्यानंतर बंगालनं नागपूरकरांना आपण होऊन दिलेली ही पहिलीच खंडणी असावी. मी ताबडतोब वन्संना कळवलं. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

हे चालू असताना आळीनं ओवीचं संगीतशिक्षण मनावर घेतलं. रथयात्रेच्या जत्रेतून पलीकडच्या बौदींनी ताडाच्या पानाची पिपाणी आणि टमटम गाडी आणली. ही गाडी पाहण्यासारखी असते. मातीची दोन चाकं, मधोमध कागद ताणून बसवलेली इवलीशी ढोलकी, वर दोन काड्या. दोरी धरून ओढली की चाकांबरोबर काड्या उठतात आणि टमटम-टमटम वाजतात. सेल नाही, बाई नाही, गाय नाही. मूल चालेल तेवढंच वाजणार, आणि मूल अजून रांगतं. मला ती फार आवडली. ओवीनं तिच्याकडं बघितलं, दोरी चोखली आणि पियानोकडं गेली. सावंतवाडीहून माझ्या आईनं मुद्दाम मागवलेली लाकडी भाजी तर तिनं पियानो बडवण्यासाठीच वापरली. त्यातलं वांगं विशेष चांगलं वाजतं.

शेवटी नवरा चांदणी चौकात गेला. कोलकात्याच्या चांदणीत सुटा भाग मिळत नाही असं यंत्र अजून जन्मायचं आहे. एका बोळातल्या कारागिरानं पियानो उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्पीकरच्या लाल तारेत काही रुपयांचा एक रेझिस्टर डाग देऊन बसवला. आवाज निम्म्याहून खाली आला. नवऱ्याचे डोळे भरून आले म्हणे. कारागिरानं एकेक पट्टी दाबून पाहिली आणि सातवीवर थांबला. ‘दादा,’ तो म्हणाला, ‘याचा नि ठीक नाही.’

रेझिस्टर आणि वर नव्या चिकटपट्टीचे चार थर, असा आम्ही भाद्रपद सुखात काढला. गाय कुजबुजायची. मग आली दुर्गापूजा. आमच्या खिडकीखालीच मांडव, आणि षष्ठीपासून ढाक. ढाक म्हणजे गळ्यात अडकवलेला पिंपाएवढा ढोल, असे चार ढोल एकदम वाजतात, वर काशाची थाळी, वर माईक. भांडी हलतात. ओवीनं पियानोची पट्टी दाबली. ऐकू आलं नाही. तिनं तो कानाला लावला, हलवला, बेडकाला गुद्दा घातला आणि मग बापाकडं आणून दिला. डोळ्यांत पाणी. बिघडला.

या माणसानं खणातून पेचकस काढला. पहिल्या झटक्यात सापडला. चारही थर सोलले, मागचं झाकण उघडलं, रेझिस्टर उपटला आणि तार पहिल्यासारखी जोडून दिली. बापलेक दशमीपर्यंत ढाकाशी जुगलबंदी करत बसले. खालून मेशोमशाईंनी निरोप पाठवला, लय छान आहे.

एकादशीला ढाकी पैसे घेऊन गावाला गेले. पहाटे तीनला हत्ती ओरडला. पेचकस कुठं ठेवलाय ते दोघांनाही आठवत नव्हतं.